अंबाबाईच्या पेठेत येणारा पैसा कुणाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचणार?

प्रति,
मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. आयुक्त आणि सर्व नगरसेवक, कोल्हापूर महानगरपालिका

विषय : अंबाबाई मंदिर परिसर विकास आराखडा आणि हॉटेलांना मिळणाऱ्या सरकारी सवलती

महोदय,

६ मे २०२५ रोजी चौंडीत झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत अंबाबाई मंदिर परिसरासाठी १,४४५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा आराखडा मंजूर झाला. त्याच बैठकीत जोतिबासाठी २५९ कोटींची तरतूद झाली. हे आकडे किती मोठे आहेत ते कळण्यासाठी एकच गोष्ट लक्षात घ्या. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनला मंजुरी मिळाली तेव्हा तिचा खर्च ४८८ कोटी धरला होता. साऱ्या शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी जेवढे पैसे धरले होते, त्याच्या जवळजवळ तिप्पट रक्कम आता महाद्वार रोड, जोतिबा रोड, ताराबाई रोड आणि भवानी मंडपाच्या आसपासच्या काही गल्ल्यांत खर्च होणार आहे.

मी शिवाजी पेठेत राहतो. या पैशाला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. नवरात्रात मंदिराभोवती जी गर्दी होते, तिच्यात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली तर रुग्णवाहिका आत आणायला वाट नसते. लांबून आलेल्या बायकांना स्वच्छ स्वच्छतागृह सापडत नाही. दर्शनाची रांग उन्हात आणि पावसात रस्त्यावरच उभी असते. गरुड मंडप, मणकर्णिका कुंड, मंदिराच्या दगडी भिंती यांची निगा राखायलाच हवी आणि त्याला पैसा लागतो. तो मिळतो आहे, याचे समाधान आहे. माझे म्हणणे आहे ते हा पैसा कोणत्या वाटेने जाणार आणि शेवटी कुणाच्या हातात पडणार याविषयी.

आराखड्याची चित्रे आम्ही पाहिली. मोकळी फरसबंदी, दगडी कमानी, दिव्यांचे खांब, रांगेत चालणारी माणसे. त्या चित्रांत पेठेतले एकही माणूस दिसत नाही. म्हणून शुक्रवारी पहाटे महाद्वार रोडवर काय असते ते इथे लिहितो. दुकानांची शटर अजून खाली असतात. त्यांच्यासमोरच्या फरशीवर ओटीवाल्या बायका पाट मांडून बसलेल्या असतात. नारळ, खण, हळदकुंकवाच्या पुड्या, हिरव्या बांगड्या, ओल्या फडक्याखाली झाकलेल्या वेण्या. नऊ-साडेनऊला दुकानदार येतो तेव्हा ती बाई न सांगता पाट उचलते आणि कोपऱ्यावर सरकते. दुकानदार शटर वर करतो आणि गल्ल्याच्या तसबिरीला घालायचा हार तिच्याकडूनच घेतो. हा करार कुठल्याही कागदावर नाही. तिच्या आधी तिची सासू त्याच फरशीवर बसायची, तिच्याशी दुकानदाराच्या वडिलांचा असाच करार होता. मोजणीदार टेप घेऊन येईल तेव्हा त्याच्या नकाशात दुकान येईल, दुकानाच्या मालकाचे नाव येईल. ती बाई येणार नाही.

कायदा मात्र तिला ओळखतो. २०१३च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या नुसत्या मालकापुरती ठेवलेली नाही. संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या जागेत काम करणारे, भाडेकरू, कारागीर, ज्यांची रोजीरोटी त्या जागेवर अवलंबून आहे ते सगळे तिच्यात येतात. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने आधी सर्वेक्षण आणि मग स्थलांतर असा क्रम घालून दिला आहे. या दोन्ही कायद्यांची मंदिर परिसरात शब्दशः अंमलबजावणी होणार का, हा माझा पहिला प्रश्न आहे. पेठेत सध्या भीती वेगळीच आहे. संपादनाची लांब प्रक्रिया टाळून घरमालकाशी थेट वाटाघाटी होतील, खरेदीखत होईल, मालकाला पैसे मिळतील आणि त्या घरात दोन-तीन पिढ्या नाममात्र भाड्याने दुकान चालवणारा माणूस हात हलवत बाहेर पडेल. गुजरीतल्या, म्हणजे आमच्या सराफ बाजारातल्या, माडीवर एका खिडकीच्या उजेडात बसून कोल्हापुरी साजाचे मणी ओवणाऱ्या कारागिराच्या नावावर काय आहे? एक चिमटा, एक फुंकणी आणि हातातली कला. त्याला गिऱ्हाईक गुजरीत मिळते, शहराबाहेरच्या गाळ्यात मिळत नाही.

आता हॉटेलांकडे येतो, कारण आराखडा आणि हॉटेले यांचे नाते सरळ आहे. परिसर सुशोभित झाला की यात्रेकरू वाढणार, यात्रेकरू वाढले की खोल्या लागणार, आणि खोल्या बांधणाऱ्याला सरकार पैशाची मदत करणार. पर्यटन विभागाकडे नोंद असलेल्या हॉटेलांना उद्योगाचा दर्जा देऊन १ एप्रिल २०२१ पासून वीजदर, पाणीपट्टी आणि मालमत्ता कर उद्योगांच्या दराने लावायचे राज्याने ठरवले. २०२४च्या पर्यटन धोरणात भांडवली अनुदान आहे, राज्य जीएसटीचा परतावा आहे, मुद्रांक शुल्कात आणि वीज शुल्कात सवलत आहे. दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार हे त्या धोरणाचे उद्दिष्ट आहे. म्हणजे मंदिराभोवतीच्या कामाचा पैसा हा एक सरकारी पैसा आणि हॉटेलवाल्याला माफ केलेला कर हा दुसरा. पहिल्याची बातमी होते, भूमिपूजन होते, कोनशिला बसते. दुसऱ्याचा आकडा कुणी जाहीर करत नाही. त्यातली पाणीपट्टी आणि मालमत्ता कर ही तर महापालिकेची मिळकत. सवलत मुंबईत ठरते आणि तूट कोल्हापूरच्या तिजोरीत पडते.

ही मदत कुणापर्यंत पोहोचते ते पाहा. अनुदान गुंतवणुकीच्या प्रमाणात मोजले की ज्याच्याकडे गुंतवायला पन्नास कोटी आहेत त्याला भरघोस मिळते. मंदिरामागच्या बोळातल्या लॉजमालकाला काय मिळते? त्याच्या दहा-बारा खोल्या. तळमजल्यावर त्याचेच कुटुंब राहते. पहाटे बंबातले गरम पाणी बादलीने वर नेऊन द्यायचे, यात्रेकरूंना आरतीसाठी दार वाजवून उठवायचे, निघताना त्यांची बोचकी संध्याकाळपर्यंत सांभाळायची. वाडा आजोबांच्या नावावर, प्रॉपर्टी कार्डावर सात वारसांची नावे, भोगवटा प्रमाणपत्र नाही, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नाही. असा माणूस बँकेच्या दारात उभा राहिला तर अर्जच घेतला जात नाही. मग धोरणातली एकही सवलत त्याच्यापर्यंत येत नाही आणि उद्या त्याच्या समोरच सरकारच्या मदतीने सत्तर खोल्यांचे वातानुकूलित हॉटेल उभे राहते.

सुरक्षिततेच्या अटी ढिल्या करा, असे मी म्हणणार नाही. जुन्या वाड्यांतल्या वायरिंगची मलाच भीती वाटते. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. शाहू महाराजांनी बांधलेली शंभर वर्षांहून जुनी वास्तू काही तासांत गेली. म्हणूनच मागणी आहे की मंदिर आराखड्याच्या निधीतून थोडा भाग काढून पेठेतल्या लहान लॉजमालकांना वायरिंग, जिना, अग्निशमन यंत्रणा आणि स्वच्छतागृह यांच्या दुरुस्तीसाठी अनुदान द्या. कागदपत्रांची गुंतागुंत सोडवायला महापालिकेने पेठेतच एक खिडकी उघडावी. १,४४५ कोटींच्या हिशेबात ही रक्कम जाणवणारसुद्धा नाही.

बायकांसाठीची वाट तर सरकारने आधीच काढून ठेवली आहे. २०२३च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिला उद्योजकांना पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळते. आमच्या पेठांत घरगुती मेस चालवणाऱ्या, दोन खोल्या यात्रेकरूंना देऊ शकतील अशा कितीतरी बायका आहेत. तांबडा-पांढरा रस्सा शहराबाहेरच्या मोठ्या हॉटेलांतही मिळतो, पण तो ज्या चुलीवरून आला ती चूल पेठेतल्या घरांतलीच आहे. या बायकांना योजनेचे नावही ठाऊक नाही. अर्ज ऑनलाइन, अटी शासकीय भाषेत, आणि समजावून सांगायला कुणी येत नाही.

कोल्हापूरला आलेला माणूस इथे रात्र का काढत नाही, याचाही विचार व्हावा. मराठवाड्यातून, कोकणातून, बेळगाव-विजापूरकडून गाड्या येतात. पहाटे अंबाबाई, मग जोतिबा, दुपारी नरसोबाची वाडी किंवा आदमापूर, आणि रात्री परतीची वाट. शहराला मिळते ती वाहतुकीची कोंडी आणि कचरा. या माणसाला एक रात्र थांबवायचे तर पंचतारांकित खोली लागत नाही. त्याला गाडी लावायला जागा, अंघोळीची सोय, परवडणारी स्वच्छ खोली आणि संध्याकाळी बघायला जिवंत बाजार लागतो. सरस्वती टॉकीजजवळच्या बहुमजली पार्किंगचे काम किती रेंगाळले ते आपल्याला माहीतच आहे. आणि जिवंत बाजार हा महाद्वार रोड, गुजरी, चप्पल लाइन, कपिलतीर्थ मार्केट यांनी मिळून बनतो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये तिची नक्कल झळकली म्हणून देशभर चर्चा झाली. ती चप्पल जिथे पायात घालून बघता येते ते ठिकाण शहराच्या मध्यातच आहे. रस्ता रुंद करण्याच्या भरात हाच बाजार पातळ केला, तर यात्रेकरू फोटो काढून अर्ध्या तासात निघून जाईल.

काशीचे उदाहरण वारंवार दिले जाते. १३ डिसेंबर २०२१ रोजी तिथला कॉरिडॉर खुला झाला. घाटापासून मंदिरापर्यंत वाट मोकळी झाली, अपंगांची आणि वृद्धांची सोय झाली, हे मान्य आहे. त्यासाठी शेकडो घरे-दुकाने विकत घेऊन पाडली गेली, हेही तितकेच खरे. काशीच्या विस्तारापुढे आमची पेठ केवढी? इथल्या दोन गल्ल्या गेल्या तर मागे गल्लीच उरत नाही. पंढरपुरातही कॉरिडॉरच्या प्रस्तावामुळे रहिवासी आणि व्यापारी अनेक वर्षे हीच भीती बोलून दाखवत आहेत.

या शहराला हॉटेलला सरकारी मदत कशी करावी हे शिकवायला बाहेरच्या सल्लागाराची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे कामाला होते. सवर्णांच्या हौदातले पाणी प्यायले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले, पैसे दिले आणि भाऊसिंगजी रोडवर, शहराच्या भर मध्यात, ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले. लोक तिथला चहा घ्यायला कचरत होते. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. राजाने शहराच्या मध्यवस्तीत एका हॉटेलला भांडवल दिले ते असे. ज्याला बाजारात कुणी उभे करणार नव्हते त्याला उभे केले. याच राजाने १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधले, आणि १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगे उभी केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले खेड्यांतून शिकायला आली आणि त्यांना दसरा चौकाच्या आसपास डोक्यावर छप्पर मिळाले. परगावच्या माणसाच्या निवाऱ्यावर सरकारी जागा आणि सरकारी पैसा खर्च करणे ही कोल्हापूरची जुनी रीत आहे. ती रीत मी आज मागतो आहे.

आणि मागण्यासाठी लांब जायला नको. त्याच भाऊसिंगजी रोडवर सीपीआर हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. रात्री अकरानंतर तिथल्या ओसरीवर जा. चंदगडहून, आजऱ्याहून, शाहूवाडीहून आलेले रुग्णांचे नातेवाईक चादर अंथरून झोपलेले असतात. उशाला कपड्याची पिशवी, बाजूला स्टीलचा डबा, हातात घट्ट धरलेली केसपेपरची घडी. वॉर्डातून नावाचा पुकारा झाला तर ऐकू यावा म्हणून दाराजवळची जागा आधी भरते. आणि रुग्णालयासमोरच ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचे पक्षकार तिथे येतात. या बेंचसाठी कोल्हापूरकरांनी किती वर्षे आंदोलन केले ते मी सांगायला नको. न्याय दाराशी आला, पण सावंतवाडीहून आलेल्या शेतकऱ्याचा खटला पुढच्या दिवसावर गेला तर त्याने रात्र कुठे काढायची? आराखड्यात भक्तनिवास आहेत, वाहनतळ आहेत. सीपीआर आणि बेंचच्या परिसरात, महापालिकेच्या किंवा सरकारच्या जागेवर, नाममात्र दरात कॉट, लॉकर आणि जेवण मिळेल असे सार्वजनिक निवासस्थान का असू नये? शहराच्या मध्यात येणारा माणूस फक्त भाविक नसतो. तो आजारी असतो, अडचणीत असतो, कोर्टाची पायरी चढत असतो. त्याच्यासाठी खोली बांधणे हाही मध्यवस्तीचाच विकास आहे.

जागेचा विषय निघाला म्हणून टोलची आठवण करून देतो. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते टोलच्या मोबदल्यात खासगी कंपनीकडून बांधून घेण्याचा २२० कोटींचा प्रकल्प आला तेव्हाही तो शहराच्या भल्याचाच म्हणून सांगितला गेला. महापालिकेचा टेंबलाईवाडीचा मोक्याचा भूखंड ९९ वर्षांच्या कराराने गेला. करारात काय लिहिले आहे ते लोकांना नंतर कळले आणि मग शहर रस्त्यावर उतरले. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसे उन्हात चालत होती. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले. २०१५च्या अखेरीला टोल रद्द झाला आणि कंपनीचे देणे सरकारी तिजोरीतून भागवावे लागले. म्हणजे खासगी पैशातून होणार म्हटलेले रस्ते शेवटी जनतेच्याच पैशातून झाले, वर पाच वर्षांचा संघर्ष, पोलिसांच्या केसेस आणि मनस्ताप. तो सगळा टळला असता, जर करार सहीच्या आधी शहरापुढे ठेवला असता.

म्हणून मंदिर परिसरातला कोणताही भूखंड, बिंदू चौकाच्या आसपासची असो वा आणखी कुठली, सार्वजनिक जागा हॉटेलसाठी किंवा व्यापारी संकुलासाठी द्यायची असेल तर मसुदा आधी मराठीत प्रसिद्ध करा. भाडे किती, मुदत किती, मुदत संपल्यावर इमारत कुणाची, सवलतीपोटी महापालिकेचे किती उत्पन्न जाणार, किती स्थानिक माणसांना कायम नोकरी मिळणार आणि ती दिली नाही तर सवलत परत घेणार का, हे त्या मसुद्यात असले पाहिजे. ज्या हॉटेलला कर परतावा मिळतो त्याने दरवर्षी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची नोंद दाखवावी. सफाईचे आणि धुण्याचे काम ठेकेदारामार्फत दहा-दहा हजारांवर करून घ्यायचे आणि रोजगार दिला म्हणायचे, याला जनतेचा पैसा वापरू नये.

पाण्याबद्दल थोडक्यात. थेट पाइपलाइनचे पाणी शहरात पोहोचायला २०२३ची दिवाळी उजाडली आणि त्यानंतरही बिघाडांमुळे पुरवठा अनेकदा खंडित झाला. २०१९ आणि २०२१च्या महापुरात दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, शुक्रवार पेठ पाण्याखाली होती. सुतारवाड्यातली कुटुंबे तर दर मोठ्या पुरात पहिल्यांदा घर सोडतात. पूररेषेच्या आत नव्या हॉटेलांना तळघरातल्या पार्किंगसह परवानगी देण्यापूर्वी शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचे काय करणार ते सांगा. नाला तुंबला की पाणी गरिबाच्या घरात शिरते.

२०२०च्या अखेरीला महापालिकेची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे शहरात निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. या काळातच हा आराखडा आकाराला आला. पेठेतल्या माणसाने हरकत घ्यायची तर कुणाकडे जायचे हेच त्याला कळत नव्हते. आता सभागृह आहे. नगरसेवकांनो, या आराखड्यावर विशेष सभा बोलवा. प्रकल्प अहवाल आणि बाधित मिळकतींची यादी, मालकांसह भाडेकरू आणि विक्रेत्यांच्या नावांची, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी फलकावर लावा. संपादनाची पहिली नोटीस निघण्याआधी पेठेतच जाहीर सुनावणी घ्या. ती रात्री नऊनंतर ठेवा, म्हणजे दुकान बंद करून व्यापाऱ्याला येता येईल, आणि शुक्रवार सोडून ठेवा, म्हणजे ओटीवाल्या बायकांचा धंदा बुडणार नाही. भवानी मंडपाचे आवार त्यासाठी पुरेसे मोठे आहे. तारीख कळवली की गल्लोगल्ली, तालमी-तालमींत निरोप पोहोचवायचे काम आम्ही करू.

आपला,
शिवाजी पेठेतील एक रहिवासी
कोल्हापूर